घर विकायचंय, शोरूम करायचं नाही : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात राहतं घर विकायला काढलं की पहिल्या आठवड्यातच सल्ले सुरू होतात. शेजारचे काका म्हणतात, "नुसता रंग काढून घ्या." मुलगी फोनवर सांगते, "आई, एखाद्या इंटिरिअरवाल्याला बोलाव." एजंट म्हणतो, "काही करू नका, लोकेशनवर जातं." रीसेलचे फ्लॅट दाखवण्याजोगे करून देणं हे माझं काम. कोथरूड, कर्वेनगर, सिंहगड रोड, औंध, पिंपळे सौदागर या भागांत जास्त. लोक फोनवर जे विचारतात तेच प्रश्न इथं घेतले आहेत.

दाखवण्यासाठी घर तयार करायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

सामान कमी करायचं, घासूनपुसून घ्यायचं, बारीकसारीक दुरुस्त्या करायच्या आणि उजेड वाढवायचा. याच क्रमानं. उशा, फुलदाण्या, नवे पडदे यांचा नंबर त्यानंतर, आणि बऱ्याच घरांत तो लागतच नाही.

घर बघायला आलेलं जोडपं दारात चपला काढता काढताच मनात आपलं कपाट, आपला टीव्ही, आईची खोली मांडायला लागतं. त्यांना ते मांडता आलं पाहिजे. तुमचं सामान आड येत असेल तर ते हलवा. तुमची सजावट आड येत असेल तर तीही.

एजंट म्हणतो काही करायची गरज नाही. खरं आहे का?

अर्धं. ठिकाण, पाणी, पार्किंग आणि भाव पाहून माणूस दारापर्यंत येतो. पण एकदा आला की तो त्याच रविवारी त्याच भागातले, त्याच मापाचे आणखी दोन-तीन फ्लॅट पाहणार असतो. संध्याकाळी नवरा-बायको चहाला बसतात तेव्हा त्या फ्लॅट्सना नावं पडलेली असतात : "तो ओल होती तो", "तो कबुतरांचा", "तो उजेडाचा". उजेडाचा म्हणून लक्षात राहायला फार पैसे लागत नाहीत.

एक अपवाद मात्र आहे. कोथरूड-कर्वेनगरकडच्या अनेक जुन्या सोसायट्या पुनर्विकासाला निघाल्या आहेत. तुमची त्यातली असेल आणि बिल्डरशी बोलणी पुढे गेली असतील, तर येणारा माणूस या भिंती घेत नाही, पुढे मिळणारं क्षेत्रफळ घेतो. तिथं झाडूनपुसून ठेवा, फाईल तयार ठेवा आणि रंगाचे पैसे वाचवा.

किती खर्च करावा?

माझा ठोकताळा : अपेक्षित किमतीच्या अर्धा टक्का, फार तर एक. म्हणजे 80 लाखांच्या फ्लॅटला 40 ते 80 हजार, आणि त्यात रंगारी, प्लंबर, सुतार, इलेक्ट्रिशियन, साफसफाई, सामान हलवायचा टेम्पो सगळं आलं. त्यापलीकडे गेलात तर हौस म्हणून करा, परतावा म्हणून नको.

नवीन मॉड्युलर किचन बसवून विकायचा विचार बरेच जण करतात. करू नका. येणारी बाई त्या ट्रॉल्या आपल्या सोयीनं बदलणारच, आणि तुमचे तीन लाख तिच्या हिशेबात कुठंच धरले जाणार नाहीत. नव्या फरशीचंही तेच. मोडलेलं असेल ते दुरुस्त करा. नुसतं जुनं असेल तर धुऊन राहू द्या.

सामान किती आणि कोणतं काढायचं?

सगळ्यात जास्त वेळ या कामाला द्या. आणि सगळ्यात जास्त भांडणंही यावरच होतात, हेही आधीच सांगून ठेवते.

हॉलपासून सुरुवात करू. पंचवीस-तीस वर्षं नांदत्या घरात भिंतभर शोकेस असतंच. काचेमागे शाळेच्या गॅदरिंगचे करंडक, महाबळेश्वरहून आणलेली लाकडी बैलगाडी, खोक्यातून कधीच न काढलेला काचेच्या पेल्यांचा सेट, कुणाच्या तरी मुंजीत मिळालेला चांदीच्या मुलाम्याचा गणपती आणि कोपऱ्यात बंद पडलेलं घड्याळ. यातली प्रत्येक वस्तू तुम्हाला काहीतरी सांगते. पाहुण्याला ती फक्त गर्दी दिसते. दोन तृतीयांश कप्पे रिकामे करा. उरलेल्या जागी थोडी पुस्तकं उभी ठेवा, एखादी समई ठेवा, एक कप्पा मोकळाच सोडा. बंद घड्याळात सेल घाला किंवा ते काढून टाका.

मग जमिनीकडे बघा. फरशी जितकी दिसते तितकी खोली मोठी वाटते. दारापासून खिडकीपर्यंत चालायला अडीच फूट मोकळी वाट हवी. सोफा आहे तर दिवाण हलवा, दिवाण ठेवायचा तर सोफ्यातल्या एका खुर्चीला निरोप द्या. एकात एक रचलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, टीपॉयखाली टीपॉय, आणि जिच्यावर गेली चार वर्षं फक्त कपडे वाळतायत ती व्यायामाची सायकल, ही पहिल्याच फेरीत बाहेर. भिंतीवर कॅलेंडर एकच असू द्या. फ्रीजचं दार कोरं करा.

बेडरूममध्ये लोक कपाटं उघडतात. मोठी माणसंसुद्धा. भिंतीतलं कपाट घराबरोबर जाणारं असल्यामुळे त्यांना तो हक्क आहेच. कोंबलेलं कपाट उघडल्यावर साड्या अंगावर येणार असतील तर त्या घरात जागा कमी पडते हे तुम्हीच सांगितलंत. एक तृतीयांश रिकामं ठेवा. माळ्याचंही तसंच. माळ्याची दारं लागत नाहीत इतकं सामान असेल तर आधी माळा उतरवा.

काढलेलं सामान ड्राय बाल्कनीत लपवायचं नाही. तिथं लोक हमखास डोकावतात, कारण वॉशिंग मशीन कुठं बसेल ते बघायचं असतं. बहिणीकडे, गावाकडे, महिन्याच्या भाड्यानं मिळणाऱ्या गोदामात, कुठंही न्या, पण घराबाहेर न्या. जुन्या पितळी-तांब्याच्या भांड्यांना मात्र हात लावण्याआधी थांबा. भंगारात वजनावर गेली की गेली. त्यातला एक हंडा किंवा घंगाळ चिंचेनं घासून खिडकीपाशी ठेवलं, तर विकतची शोभेची वस्तू आणायची गरज उरत नाही.

देवघर आणि आईवडिलांचे फोटो काढायचे का?

देवघर काढू नका. ज्या घरात रोज दिवा लागतो तिथून देव हलवून कोनाडा रिकामा दाखवणं विचित्र वाटतं, आणि तुमच्या मनालाही ते लागतं. फक्त आवरा : जुन्या वाती, काजळी, निर्माल्याची पिशवी, एकावर एक चिकटवलेले देवांचे स्टिकर, लोंबणारी एलईडी माळ. मागची काळवंडलेली टाइल साबणाच्या पाण्यानं स्वच्छ पुसा. घेणारा कुठल्याही धर्माचा, पंथाचा असू शकतो. नीटनेटकं देवघर त्याला खटकत नाही.

चंदनाचा हार घातलेले फोटो हॉलच्या दर्शनी भिंतीवर असतील तर तेवढ्या दिवसांपुरते आतल्या खोलीत न्या. यात अनादर नाही. परका माणूस आत आल्याआल्या गेलेल्या माणसाची नजर चुकवत उभा राहतो, आणि घर बघायचं सोडून "कधी गेले?" असं विचारतो. मग पुढची दहा मिनिटं त्यातच जातात. लग्नाचे, मुंजीचे, परदेशातल्या नातवंडांचे फोटोही कमी करा, एखाद-दुसरा चालेल. भिंतीतले खिळे उपटलेत तर भोकं पुट्टीनं बुजवा. तसेच सोडलेले खिळे वाईट दिसतात, भोकं त्याहून वाईट.

रंग कोणता द्यावा? सगळ्या घराला द्यावा का?

सगळ्या घराला लागेलच असं नाही. हॉल, पॅसेज आणि स्विचबोर्डभोवतीच्या हाताच्या डागांनी काळवंडलेल्या भिंती इतकं पुष्कळदा पुरतं, मात्र मग त्या खोलीच्या चारही भिंती करा, ठिगळं दिसतात. रंग एकच, थोडा उबदार ऑफव्हाइट. छत पांढरं. दहा वर्षांपूर्वी एका भिंतीला हौसेनं दिलेला गडद जांभळा किंवा भगवा आता झाकून टाका. गडद रंगावर प्रायमर आणि दोन हात लागतील, रंगारी एका हातात आटपायला बघेल.

चकचकीत फिनिश टाळा. भिंतीची प्रत्येक उंचसखल जागा आणि जुन्या प्लास्टरचा प्रत्येक फुगवटा त्यात दिसतो. मॅट फिनिश बरंच पोटात घालतं. आणि रंग झाल्यावर पिवळी पडलेली स्विचची प्लेट बदलायला विसरू नका. कोऱ्या भिंतीवर ती आधीपेक्षा जास्त डोळ्यांत भरते. फरशीवर, नळांवर, खिडकीच्या काचांवर पडलेले रंगाचे थेंब रंगारी जायच्या आतच त्याच्याकडून काढून घ्या.

भिंतीला ओल आहे. रंगाखाली झाकली तर चालेल का?

नाही. दोन कारणं, आणि दोन्ही महत्त्वाची.

पहिलं व्यवहाराचं. ओल रंगानं जात नाही. बाहेरच्या भिंतीतल्या भेगेतून, गच्चीतून किंवा वरच्या मजल्याच्या बाथरूममधून पाणी येतच राहतं. ते येताना प्लास्टरमधले क्षार घेऊन येतं आणि सुकताना ते पृष्ठभागावर सोडतं, तोच तो पांढरा खार. त्यावर पुट्टी आणि रंग मारला की काही आठवड्यांत पापुद्रे सुटतात. आतून वॉटरप्रूफ रंग मारला तर पाणी मागे अडकून फुगे येतात, नाहीतर दोन हात बाजूला नवा डाग उमटतो. आणि एकाच भिंतीचा एकच कोपरा ताजा रंगवलेला पाहिला की आलेला पुणेकर तिथंच जाऊन हात लावून बघतो. त्याच्या स्वतःच्या घरात हे सगळं होऊन गेलेलं असतं.

दुसरं कायद्याचं. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 55 नुसार विक्रेत्याला माहीत असलेला, पण खरेदीदाराला माहीत नसलेला आणि साधी काळजी घेऊनही त्याला सापडणार नाही असा मिळकतीतला मोठा दोष सांगणं ही विक्रेत्याची जबाबदारी आहे. मालकी हक्कातल्या दोषालाही हेच लागू. तो न सांगणं कायदा फसवणुकीसारखंच धरतो. बातमीत दाखवतात तसं कुणी लगेच कोर्टात जातं असं नाही, पण साठेखतानंतर, म्हणजे विक्रीचा करार झाल्यावर, पहिल्या पावसाळ्यात भिंत फुटली की फोन येतात, वकिलाची नोटीस येते, आणि सोसायटीत नाव खराब होतं ते वेगळंच.

तेव्हा क्रम असा : पाणी कुठून येतंय ते शोधा. बाहेरची भिंत किंवा गच्ची असेल तर सोसायटीला लेखी पत्र द्या. वरचं बाथरूम असेल तर वरच्यांशी बोला, शक्यतो जेवायच्या वेळा सोडून. काम झाल्यावर भिंत पूर्ण सुकू द्या, घाई करू नका. मगच पुट्टी आणि रंग. दुरुस्तीचं बिल आणि आधीचे-नंतरचे फोटो फाईलला लावा. "इथं ओल होती, गेल्या वर्षी बाहेरून काम करून घेतलं, हे बिल" असं तुम्ही आपणहून सांगितलंत तर समोरचा बाकीच्या घराबद्दलही तुमच्यावर विश्वास ठेवतो. सोसायटी काम करायला तयारच नसेल तर तेही सांगा आणि भावात थोडं खाली या. ते झाकून मिळवलेल्या पैशापेक्षा स्वस्त पडतं.

बाथरूम आणि किचनमध्ये कमीत कमी काय करावं?

पाणी. म्हणजे पाण्याचे डाग. बोअरचं आणि टँकरचं पाणी जड असतं, आणि ज्या सोसायट्या वर्षातले काही महिने त्यावर चालतात तिथं नळ, शॉवर, काचा सगळं पांढरट होतं. हा थर मुख्यतः चुन्याचा असतो, म्हणून आंबट पदार्थानं सुटतो. लिंबूसत्त्व पाण्यात विरघळवून किंवा व्हिनेगरमध्ये कापड भिजवून नळाला गुंडाळा, अर्ध्या तासानं घासा. पण हेच पाणी कडाप्पा, शहाबाद, कोटा किंवा संगमरवरावर सांडू देऊ नका. हे दगडही चुन्याचेच, त्यांची पॉलिश जाऊन कायमचे डाग पडतात. ग्रॅनाइटच्या ओट्याला तितकी भीती नाही. सफाईवाला जे तेजाब घेऊन येतो ते नळाचं क्रोम आणि टाइल्समधलं भरण दोन्ही खातं. ते नकोच.

मग टाइल्समधल्या काळ्या रेघा नव्यानं भरून घ्या, गळका नळ आणि चिकटलेला फ्लश दुरुस्त करा, प्लास्टिकची बादली एकच ठेवा, आरशावर चिकटलेल्या टिकल्या काढा. किचनमध्ये ओटा रिकामा. शेगडी, पाण्याचा फिल्टर आणि एखादा डबा, बस्स. सिंकखालची ट्रॉली उघडून बघतातच, तिथं ओल आणि झुरळं नसावीत.

बाल्कनीत कबुतरांनी उच्छाद मांडलाय.

पुण्यात हे ऐकू येत नाही असा आठवडा जात नाही. जाळी बसवून घ्या. बारीक, पारदर्शक नायलॉनची घ्या म्हणजे समोरचं झाड दिसतं. आधी एसीच्या बाहेरच्या युनिटमागची घरटी बघा : अंडी किंवा पिल्लं असतील तर ती उडेपर्यंत थांबा. वाळलेली विष्ठा कोरडी खरवडू नका, तिची धूळ फुप्फुसांना वाईट. पाण्यानं भिजवून, तोंडाला मास्क लावून काढा.

बाल्कनी खोलीत घेतली असेल तर ती "खोली" म्हणून सजवून दाखवू नका. घेणाऱ्याच्या कर्जासाठी बँकेचा माणूस मंजूर नकाशा हातात धरून येतो आणि तिथं बाल्कनी लिहिलेली असते. "बाल्कनी आत घेतलेली आहे" हे आधीच सांगा. उघडी बाल्कनी असेल तर दोन कुंड्या आणि एक खुर्ची. तुळस सुकलेली असेल तर नवीन रोप लावा. मेलेलं झाड पाहून लोक उगाच काहीबाही बोलतात.

उजेडासाठी काय करता येतं?

आधी फुकटातलं : खिडक्यांच्या काचा आणि मच्छरजाळ्या धुवा, जाड पडदे धुऊन बाजूला ठेवा, खिडकीसमोरचं कपाट सरकवा. जाळीतली वर्षांची धूळ गेली की खोली उजळते, विश्वास बसणार नाही इतकी.

मग बल्ब. एकाच हॉलमध्ये एक पिवळा, एक निळसर पांढरा, एक मिणमिणता, हे बहुतेक घरांत असतं, कारण गेला तसा बदलला. खोक्यावर आकडा असतो : 3000 के म्हणजे उबदार, 4000 के मधला, 6500 के म्हणजे थंड पांढरा. हॉल आणि बेडरूमला 3000 किंवा 4000, त्यातला एकच, सगळीकडे सारखा. 6500 मध्ये माणसं आजारी दिसतात आणि भिंती दवाखान्यासारख्या. फॉल्स सीलिंगमधली रंग बदलणारी पट्टी असेल तर ती बंदच ठेवा.

फ्लॅट रिकामा आहे. तसाच दाखवावा की फर्निचर आणावं?

रिकामी खोली मोठी दिसेल असं वाटतं, होतं उलट. मापाला काही नसल्यामुळे "इथं डबल बेड बसेल का?" हा प्रश्न पडतो, आणि नजर भेगांवर, खिळ्यांच्या भोकांवर जाते. पूर्ण फर्निचर लावायची गरज नाही. मोठ्या बेडरूममध्ये एक पलंग, हॉलमध्ये दिवाण आणि दोन खुर्च्या, सगळ्या खिडक्यांना साधे पडदे. भाड्यानंही मिळतं. बाकीच्या खोल्या मोकळ्याच दाखवा.

बंद घराचा खरा शत्रू म्हणजे वास. बाथरूमच्या जाळीखालच्या ट्रॅपमध्ये थोडं पाणी साठून राहतं, त्यामुळे ड्रेनेजचा वास वर येत नाही. महिना दोन महिने कुणी वापरलं नाही की ते पाणी उडून जातं आणि वासाबरोबर झुरळंही येतात. दाखवायच्या आदल्या दिवशी प्रत्येक जाळीत दोन तांबे पाणी ओता, फ्लश सोडा, नळातलं पहिलं गंजलेलं पाणी जाऊ द्या, खिडक्या उघडून घर वाहतं करा. मीटर बंद करून ठेवलं असेल तर चालू करा. मोबाइलच्या टॉर्चवर घर बघायला लावणारे मालक मी पाहिलेत.

घरात भाडेकरू आहेत, त्यांना आवरायला कसं सांगणार?

सांगायचं नाही, विनंती करायची. आठवड्यातली एक ठरावीक वेळ मागून घ्या, उठसूट नको. साफसफाईवाल्याचे पैसे तुम्ही द्या. विक्री आणि त्यांचा करार यांचं गणित त्यांना आधीच स्पष्ट सांगा, नाहीतर आलेल्या माणसाला पाण्याच्या तक्रारी पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून कळतील. जमत नसेल तर घर रिकामं झाल्यावरच बाजारात आणा.

सुवास यावा म्हणून काय लावावं?

काही नको. उदबत्ती, रूम फ्रेशनर आणि कपाटातल्या डांबरगोळ्या तिन्ही एकत्र आल्या की माणूस "काय लपवतायत?" असा विचार करतो. त्या दिवशी मासळी आणि जळकी फोडणी टाळा, कचरा आदल्या रात्रीच बाहेर, ओले टॉवेल गच्चीत. उघडी खिडकी पुरते.

अति झालं हे कसं ओळखावं?

जे फक्त पाहुण्यांसाठी मांडलंय आणि जायच्या आधी कुणी हात लावू नये असं वाटतं, ते अति. पलंगावर सात उशा आणि टॉवेलचे हंस. जेवायच्या टेबलावर चार माणसांच्या ताटल्या, वाइनचे ग्लास आणि प्लास्टिकची लिंबं. रोज पिठलं-भाकरी होणाऱ्या घरात ते खरं वाटत नाही. इंग्रजी सुविचारांच्या पाट्या, सोनेरी मूर्ती, एका भिंतीला विटांचा वॉलपेपर, दिवाळी नसताना दारात भलीमोठी रांगोळी.

काय चालतं : धुतलेली साधी चादर, मंडईतून आणलेली ताजी फुलं एका भांड्यात, पाणी घातलेलं मनीप्लँट, दाराशी स्वच्छ पायपुसणं. पाय पुसल्यावर ते मळलं तरी चालेल असं.

वास्तूचं काही करावं का?

विचारणारे विचारतातच. दाराची दिशा, ओटा कुठल्या बाजूला, खरं ते सांगा. मुद्दाम पिरॅमिड, आरसे, पाण्याचे कारंजे लावलेत तर उलट "काहीतरी दोष असणार" असं वाटतं.

फोटो मोबाइलवर काढले तर चालतील?

चांगले येतात. सकाळी, दिवे लावून, पडदे उघडून. फोन आडवा, छातीच्या उंचीवर, भिंतीच्या कडा सरळ उभ्या दिसतील असा धरा. खोलीच्या कोपऱ्यातून किंवा दारातून. कमोडचं झाकण बंद, गादीवरचा चार्जर काढलेला, आरशात तुम्ही नाही.

0.5 वाली वाइड लेन्स वापरू नका. दहा बाय अकराची खोली त्यात हॉलसारखी दिसते आणि माणूस प्रत्यक्ष आला की दारातच हिरमुसतो. मोबाइलमधल्या ॲपनं समोरची इमारत पुसणं, हिरवळ घालणं, डाग मिटवणं हे तर नकोच. आलेला माणूस खिडकीबाहेर बघणारच आहे.

जिना, लिफ्ट, पार्किंग आमच्या हातात कुठं असतं?

थोडं असतं. आपल्या मजल्यावरचा चपलांचा स्टँड, जुना पाळणा, रिकाम्या कुंड्या आत घ्या. दाराची पाटी पुसा, बेल वाजते का बघा. "सेल्समननी बेल वाजवू नये, वाजवल्यास परिणामांस..." अशी पाटी असेल तर ती महिनाभर काढून ठेवा. येणाऱ्याला वाटतं शेजारी असेच. पार्किंगमधली धूळ खाणारी स्कूटर हलवा, म्हणजे तुमची जागा किती आहे ते दिसेल.

दाखवायला कुठला काळ चांगला?

दिवसातला तुमच्या घराचा तास शोधा. पश्चिमेचा फ्लॅट एप्रिलात दुपारी चारला दाखवू नका, सकाळी दाखवा. पूर्वेचा असेल तर दहाच्या आत. शनिवार-रविवारी जास्त लोक येतात, कारण हिंजवडी-खराडीकडच्यांना आठवड्यात जमत नाही.

वर्षातला काळ : पितृपंधरवड्यात टोकन, म्हणजे विसार, द्यायला बरेच जण तयार नसतात, मग दसऱ्याला, पाडव्याला, अक्षय्य तृतीयेला हालचाल होते. तो पंधरवडा रंगाच्या कामाला चांगला, पाऊसही ओसरत आलेला असतो. पेठेत घर असेल तर गणपतीचे दहा दिवस कुणाला बोलावू नका, गाडी कुठं लावणार? पावसाळ्यात दाखवायला मात्र घाबरू नका. जुलैत कोरड्या असलेल्या भिंतीइतका चांगला पुरावा दुसरा नाही. छताला टांगलेले ओले कपडे तेवढे उतरवा.

लोक येतात तेव्हा आम्ही काय करायचं?

दार उघडा, पाणी विचारा, आणि बाजूला व्हा. प्रत्येक खोलीत मागे जाऊन "हा पंखा नवीनच घेतलाय" सांगू नका. नवरा-बायकोला हळू आवाजात एकमेकांशी बोलायचं असतं. टीव्ही बंद, कुत्रा शेजारी. घरातलं ज्येष्ठ माणूस विकायला नाखूश असेल तर त्या वेळी त्यांना फिरायला न्या. "आम्हाला खरं तर विकायचंच नव्हतं" हे ऐकून चांगला ग्राहक गेलेला आहे.

"पाणी किती वेळ येतं? टँकर लागतो का?" हा प्रश्न ठरलेला. उत्तर घरातल्या सगळ्यांचं एकच असू द्या, आणि खरं. मेंटेनन्स किती, लिफ्ट बंद पडते का, वरचा भाडेकरू कसा आहे, यांचंही.

सोबत एक फाईल समोर ठेवा : आधीचं साठेखत किंवा खरेदीखत आणि इंडेक्स टू (दस्तनोंदणीचा उतारा), शेअर सर्टिफिकेट, चालू वर्षाची मिळकतकराची पावती, वीजबिल, सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र, मंजूर नकाशा, भोगवटा पत्र (इमारत वापरायची परवानगी). कर्ज असेल तर बँकेचं ताजं स्टेटमेंट. कार्पेट क्षेत्रफळ, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, एका कागदावर मोठ्या अक्षरात. बिल्टअप, सुपर बिल्टअपचे आकडे सांगून गोंधळ घालू नका.

पडदे, पंखे, एसी आम्ही घेऊन जाणार आहोत. आत्ता लावलेले चालतील?

चालतील, पण काय राहणार आणि काय जाणार ते पहिल्याच भेटीत सांगा. जे नक्की न्यायचंय, उदाहरणार्थ आजोबांच्या वेळचा शिसवी झोपाळा, तो शक्यतो आधीच काढून कड्या तेवढ्या ठेवा. दिसला की तो मागतातच, आणि नाही म्हटलं की किमतीत घासाघीस सुरू होते. टोकन घेताना यादी करा : पंखे किती, गीझर, चिमणी, एसी, पडद्यांचे रॉड, पाण्याचा फिल्टर, इन्व्हर्टर, बाल्कनीची जाळी. दोघांच्या सह्या घ्या आणि तीच यादी साठेखताला जोडायला वकिलांना सांगा. साठ-सत्तर लाखांचा व्यवहार गीझरवरून अडलेला पाहिलाय, तोही ताबा द्यायच्या दिवशी, टेम्पो खाली उभा असताना.